सात गाण्यांचे वाटे

मला नंबर लावायची खोड आहे. आमच्या मूल गावातल्या बसस्टँडवर कोणत्या टपरीचा आलुबोंडा पहिला आणि कोणाचा चौथा, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. माझ्या तिन्ही आत्यांच्या वरणाला मी नंबर देऊन ठेवलेत आणि त्यापायी दोघी माझ्याशी बोलत नाहीत. दिवसभर राइस मिलच्या काट्यावर बसून धानाच्या ट्रॅक्टरांचं वजन करायचं आणि संध्याकाळी मोबाइल समोर ठेवून दुनियेला नंबर द्यायचे, असं माझं चालतं. चॅनलचं नाव ‘दामिनीचा नंबर’. बघणारे फार नाहीत, पण जे आहेत ते भांडखोर आहेत. मला तेच पाहिजे असतात.

दिवाळीच्या तोंडावर हरिदासभाऊंचा अल्बम आला. हरिदासभाऊ म्हणजे ‘डंपर’वाले हरिदास. घुग्घुसच्या कोळसा खाणीत शिफ्ट करणाऱ्या चार पोरांनी एके काळी काढलेला हा रॉक बँड. हरिदासभाऊ खाणीत डंपर चालवायचे, म्हणून नाव डंपर. गणपती असो, शारदा असो, वडशाच्या नाटक कंपन्यांचा मध्यंतर असो, ही मंडळी गिटार घेऊन घुसायची आणि पब्लिक खुर्च्यांवर उभं राहायचं. पुढे गिटारवाला लेकाकडे पुण्याला गेला. ड्रमवाल्याने गळ्यात माळ घातली आणि मटणाबरोबर ड्रमही सोडले. राहिला हरिदासभाऊंचा गळा. निवृत्त झाल्यावर साठीच्या पुढच्या या माणसाने नागपूरला जाऊन एकट्याने सात गाणी रेकॉर्ड केली. अल्बमला नाव दिलं ‘रिकामा डंपर’.

मी सातही गाणी ऐकली आणि अर्थातच नंबर लावले. पहिला नंबर ‘सेकंड शिफ्ट’ला. ते लागलं की बसलेला माणूस उठतोच. शेवटचा ‘गाळ’ला. नऊ मिनिटांचं संथ गाणं. मी कॅमेऱ्यात बघून सांगितलं, की हरिदासभाऊ नऊ मिनिटं गाळच उपसतात, पाणी काही लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी काट्यावर असताना त्यांचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण भाऊ चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं, इतके ते अडचणीत होते.

“बाई, तुम्ही नंबर लावले ना,” ते म्हणाले, “आता एक काम करा. माह्या गावाले या. रविवारी गावची मंडई हाये. वडशाची कंपनी नाटक घेऊन येते, आन् त्यायनं मले मध्यंतरात एक गानं देल्लं. एकच. ते कोनतं म्हनू, हे मले समजून नाई राह्यलं.”

“सेकंड शिफ्ट म्हणा की.”

“पब्लिकसाठी नाई पुसत मी. माहा मोठा भाऊ उठून नाई गेला पायजे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. बँड ऐन भरात असताना एकदाच ते आपल्या गावी वाजवायला गेले होते, मंडईलाच, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला. मोठा भाऊ उमाजी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसला होता. पहिल्या गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत तो उठला आणि सगळ्या मांडवादेखत निघून गेला. त्यानंतर हरिदासभाऊंनी नांदेडपासून रायपूरपर्यंत स्टेज गाजवले, पण गावात पुन्हा गायले नाहीत. भावाला कारण विचारलं नाही, भावानेही सांगितलं नाही. लग्नाकार्याला भेटत, धानाचं-पाण्याचं बोलत, गाण्याचं नाव कोणी काढत नसे.

“आता माहाही गळा किती दिवस चालन, सांगता येत नाई,” ते म्हणाले. “एकडाव त्यानं बसून आयकावं, एवढंच हाये.”

खरं सांगायचं तर मला दया कमी आली आणि उत्सुकताच जास्त वाटली. एक माणूस उठून गेला, ठीक. लोक उठतात, बिडी प्यायला जातात. पण पहिल्याच कडव्याला? सख्खा भाऊ गात असताना? इतका वाईट नंबर मीसुद्धा कोणाला दिलेला नाही. शनिवारी मिलमध्ये दांडी मारली आणि स्कूटी काढली.

गाव मूलपासून आत, जंगलाच्या काठाला. रस्त्यावर वाघीण फिरते म्हणून ऊन चढेस्तोवर यायचं नाही, अशी हरिदासभाऊंची ताकीद होती. पोचले तेव्हा अर्धं गाव तलावावर जमलं होतं. मंडईला घरोघर पाहुणे येतात आणि पाहुण्याच्या ताटात मासा लागतो, म्हणून आदल्या दिवशी मासेमारांची घरं मिळून जाळं टाकतात. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, पळसाची पानं ओळीने मांडली होती आणि त्यांवर माशांचे वाटे पडत होते. रोहू, कतला, खाली थोडी बारीक मासळी. एका वाट्यात डोकं मोठं वाटलं तर नीलाबाई नावाची एक ठसठशीत बाई दुसऱ्यातली दोन बारकी उचलून तिकडे टाकायची, आणि मग कमरेवर हात ठेवून पुन्हा बघायची.

हरिदासभाऊ मला घेऊन कडेला उभे राहिले. फोटोत दिसतात तेवढे ते उंच नव्हते. पांढरे केस मानेवर रुळत होते आणि अंगात काळा टीशर्ट. चिखलाने पाय भरलेल्या त्या माणसांत ते पाहुण्यासारखे दिसत होते, आणि ते त्यांनाही कळत होतं.

वाटे लागले तसा एक वाळकुडा म्हातारा उठला आणि सगळ्यांकडे पाठ करून, तलावाकडे तोंड करून बसला. “हाच,” हरिदासभाऊ मला म्हणाले. नीलाबाईने काठीने एका वाट्याला टोचलं आणि ओरडली, “हा कोनाचा?”

“श्रावन,” म्हातारा पाण्याकडे बघत म्हणाला. श्रावणने वाटा उचलला.

“हा कोनाचा?”

“निकेश.”

पाठमोऱ्या माणसाला वाटा दिसत नाही, त्यामुळे लहानमोठ्याचा आरोप त्याच्यावर येत नाही. ज्याचं नाव निघालं त्याने उचलायचं, अदलाबदल नाही, कुरकुर नाही. आणि नाव घेणाऱ्याचा वाटा शेवटचा, उरेल तो. मला ही पद्धत फार आवडली आणि थोडी खटकलीही. वाटे सगळे सारखेच असतील, तर नंबर कशाला लावायचा?

एवढ्यात उमाजीभाऊ म्हणाले, “हरिदास.”

हरिदासभाऊ दचकले. “मी त पाहुना हाओ,” ते हळूच म्हणाले.

“उचल ना गा,” नीलाबाई खेकसली. “दरसाली निंघते तुहा वाटा.”

“माहा? मी कुठी राह्यतो इथी?”

“तलावाची राखन करन त्याले वाटा, हा नेम हाये ना? राखनीची तुही पाळी उमाजी करते. त्याची एक रात आन् तुही एक रात. मंग तुहा वाटा नाई निंघन त काय?”

“मंग इतक्या सालचा माहा वाटा गेला कुठी?”

“मीच खाल्ला,” उमाजीभाऊ पाठ न वळवता म्हणाले. “तू होता का खायाले?”

सगळे हसले. हरिदासभाऊही हसले, पण त्यांनी ती पळसाची पानं दोन्ही हातांनी उचलली आणि कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना. मला एकदम भरून आलं. उत्सुकता मात्र कमी होण्याऐवजी वाढली. जो माणूस भावाच्या वाटणीच्या रात्री तलावावर जागून काढतो, तो भावाचं एक गाणं बसून ऐकत नाही?

वाटप झालं, बरेचसे आपापले वाटे घेऊन घरी गेले, राहिलेल्यांनी चुली पेटवल्या, बायका मासे चिरायला बसल्या. हरिदासभाऊंनी पिशवीतून छोटा स्पीकर काढला, तसे उमाजीभाऊ लगेच उठले. “जाळं धुवाचं हाये,” म्हणाले आणि चालू पडले. हरिदासभाऊंचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, आता आपणच काही केलं पाहिजे.

“थांबा, उमाजीभाऊ!” मी मोठ्याने म्हणाले. “मी मूलहून आले आहे. सात गाणी आहेत. उद्या कोणतं म्हणायचं ते गावाने ठरवायचं. तुम्ही नंबर लावा.”

“मले गान्यातलं काही समजत नाई, बाई,” ते म्हणाले आणि जाळ्याकडे वळले.

बाकीच्यांना मात्र सगळंच समजत होतं. मी पहिलं गाणं लावलं आणि भांडण सुरू झालं. निकेश म्हणाला, हेच पहिलं, यावर जाळं ओढलं तर निम्म्या वेळात ओढून होईल. श्रावण म्हणाला, यावर मासे तलाव सोडून पळतील. दुसरं लावलं तर उमाजीभाऊंच्या घरच्या रुखमाबाई म्हणाल्या, चांगलं आहे पण लवकर संपलं. निकेश म्हणाला, बरं झालं. तिसऱ्या गाण्याला पारीवरून जाणारी म्हैस बिथरली आणि तिच्या मालकाने त्या गाण्याला कायमचं बाद केलं. मी मोबाइलवर नंबर लिहीत होते, खोडत होते. इतकी वर्षं नंबर लावते, पण इतके एकमेकांना न जुळणारे कान मी पाहिले नव्हते.

शेवटी नीलाबाईने चिरत असलेला मासा खाली ठेवला. “भांडून काऊन राह्यले? वाटे पाडा.”

“कशाचे?” मी विचारलं.

“गान्यायचे. सात हायेत ना? आपन किती जन? मी, निकेश, श्रावन, रुखमाबाई, हा हरिदास, उमाजी. आन् ही पाहुनी. झाले सात. एकेकाले एकेक. संपली कटकट.”

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, की असं नसतं, गाणी वाटून घ्यायची नसतात, एक निवडायचं असतं. कोणी ऐकलं नाही. त्यांना ते मनापासून पटलं होतं. वाटे म्हटल्यावर नावं घ्यायला उमाजीभाऊच लागतात, दुसऱ्याने घेतलेली चालत नाहीत. निकेश जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आला. कुरकुरत ते पुन्हा तलावाकडे तोंड करून बसले.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माशांकडे पाठ करता येते. गाण्याकडे कशी करणार? नाव घ्यायचं तर प्रत्येक गाणं पूर्ण वाजेस्तोवर त्यांना बसावंच लागणार होतं. हरिदासभाऊंच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी मोबाइल माझ्या हातून घेतला.

‘सेकंड शिफ्ट’ वाजलं. नीलाबाईने काठी स्पीकरला टेकवली. “हे कोनाचं?”

“निकेश.”

निकेशने लगेच आजूबाजूला पाहिलं, कोणी ढापेल की काय अशा नजरेने. दोन मिनिटांत तो ‘माहं गानं’ म्हणायला लागला होता. मग ‘वाघ गेला का’ वाजलं आणि ते नीलाबाईलाच निघालं. “मले वाघ काऊन?” ती उसळली, पण नेम तिनेच सांगितलेला, त्यामुळे गप्प बसली. ‘काळी धूळ’ श्रावणला गेलं. ‘आई, दार लाव’ लागलं तेव्हा बायकांचे हात थांबले. रात्रपाळीहून आलेला पोरगा आणि झोपमोड झालेली आई, असं गाणं. उमाजीभाऊंनी नाव घेतलं, “रुखमा.” रुखमाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “बुढी गेल्यावर मीच त दार उघडत होती याले,” त्या मला म्हणाल्या.

मग ‘गाळ’. माझा सातवा नंबर. नऊ मिनिटं. ऊन तापत होतं, पाण्यावर बगळे उतरत होते, कोणी हललं नाही. मी मनात म्हणत होते, दुसऱ्या कोणाला जाऊ दे.

“ती पाहुनी,” उमाजीभाऊ म्हणाले.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काय करणार, उचललं! सहावं ‘वडशाची गाडी’ हरिदासभाऊंना स्वतःलाच निघालं आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. राहिलं ‘सायरन’. ते वाजून संपलं. नीलाबाईने विचारलंसुद्धा नाही.

“उरलं ते माहं,” उमाजीभाऊ म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकवून उठायला लागले.

हरिदासभाऊ पुढे झाले. “भाऊ, आवडलं का?”

“वाटा हाये तो. त्यात आवडाचं काय असते?”

झालं. इतका वेळ धरून ठेवलेलं हरिदासभाऊंच्या हातून सुटलं. सगळ्या मांडवांना हलवणारा तो गळा, पण आवाज निघाला अगदी लहान पोराचा.

“तू काऊन उठून गेला होता? त्या मंडईले. पयल्याच गान्याले. एवढं वंगाळ होतं का? सारा गाव पायत होता, भाऊ. मी पुढचं गानं कसं म्हनलं, माह्या जिवाले मालूम हाये.”

उमाजीभाऊ भावाकडे बघत राहिले. त्यांना खरंच काही समजलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“राखन होती ना,” ते म्हणाले.

“कशाची राखन?”

“तलावाची. सारा गाव मांडवात बसला होता. तलावावर कोन होतं? मले बसल्यावर आठवलं, आज पाळी हाये. म्हनून उठलो.”

“तुही पाळी होती त आधी काऊन नाई सांगतलं?”

“माही कुठी होती?” उमाजीभाऊ म्हणाले. “तुही होती.”

हरिदासभाऊंना काय वाटलं असेल, हे मी सांगू शकत नाही. मला स्वतःला तोंडात बसल्यासारखं झालं होतं. केवढा तो राग, केवढा तो गाण्यापुरता अबोला, आणि कारण काय, तर हा स्टेजवर होता म्हणून याची पाळी करायला तो गेला.

“मंग तू माहं गानं कधी आयकलंच नाई,” हरिदासभाऊ म्हणाले.

“आयकलं ना. तलावावर सारं येते. त्या काठाले कोनी खोकललं तरी इथी आयकू येते, पान्यावरून. तू त भोंग्यात ओरडून राह्यला होता.”

माझ्याने राहवेना. “कोणतं चांगलं होतं मग?” मी विचारलं. सवय.

ज्याला गाण्यातलं काही समजत नव्हतं त्या माणसाने विचारसुद्धा केला नाही. “तिसरं. पयल्यात नुसता कल्ला होता. दुसरं बरं होतं. शेवटचं नाई आयकलं, एक जन जाळं घेऊन आला होता चोरून, त्याच्या मांगं धावलो. पन तिसरं चांगलं होतं.” मग ते हरिदासभाऊंकडे वळले. “ते याच्यात काऊन नाई टाकलं?”

“तिसरं कोनतं होतं?” हरिदासभाऊ गोंधळले. “मले नाई आठवत.”

“ते नाई का, ज्यात तुमी सारे वाजवता वाजवता मधातच थांबता. एकदम शांत. मंग तू एकटाच म्हनते, ‘पलीकडं कोन हाये, हाक दे.’ आन् थांबते.”

हरिदासभाऊ डोळे मिटून उभे राहिले. ओठ हलत होते. मग ती ओळ त्यांनी म्हटली, स्पीकर नाही, गिटार नाही, नुसती. ‘पलीकडं कोन हाये, हाक दे.’ आवाज पाण्यावरून गेला आणि समोरच्या काठाच्या झाडीतून परत आला. सातांपैकी एकातही हे नव्हतं, आणि मी कधी ऐकलंच नव्हतं.

“हेच,” उमाजीभाऊ म्हणाले. “मी देल्ली होती हाक.”

“कवा?”

“तवाच. तू म्हनलं ना हाक दे, म्हनून देल्ली. पारीवरून. पन तुमी लगेच वाजवाले लागले. तुले नसन आली आयकू.”

रुखमाबाई मान खाली घालून मासे चिरत राहिल्या. हरिदासभाऊंनी टीशर्टच्या बाहीने तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं.

“उद्या पाळी कोनाची हाये?” त्यांनी विचारलं.

“आपल्याच घरची.”

“मंग तू मांडवात कसा येशीन?”

“मांडवात कायले येऊ? तिथी कल्ला असते. मी इथीच बसतो.” उमाजीभाऊंनी आपला माशांचा वाटा उचलला आणि पारीवरून उतरायला लागले. दोन पावलं जाऊन ते वळले.

“तेच गानं म्हन,” ते म्हणाले. “पन मधात थांबते ना तू, तिथी या डाव जरा जास्त थांबजो.”